जैसलमेर : थेंबांचा जमाखर्च

जैसलमेरला वर्षाकाठी पडणारा पाऊस २० सेंटीमीटरही भरत नाही. आपल्या लोणावळ्याला आषाढातल्या एखाद्या दिवशी तेवढा पाऊस होऊन जातो. अशा मुलखात, मोठे आतडे नसलेल्या माणसाने ऐन साठी उलटल्यावर आठ दिवस जाऊन राहावे, हा विचार आमच्या घरात कुणालाच पसंत पडला नव्हता. दुकानातून चिरंजीवांचा फोन आला, "पप्पा, महाबळेश्वरला जा, माथेरानला जा. वाळवंटच कशाला?"

त्याचा प्रश्न रास्त होता. परंतु लोद्रव्याचे पार्श्वनाथ, किल्ल्यातील जिनमंदिरे, तेथील ज्ञानभंडार आणि पटव्यांच्या हवेल्या यांचे दर्शन माझ्या मनात तीस वर्षे घर करून होते. बँकेच्या नोकरीत दोनदा रजा मंजूर झाली आणि दोन्ही वेळा मार्चअखेर आडवी आली. निवृत्तीनंतर आजारपण आडवे आले. आणखी किती वर्षे थांबायचे, हा माझाही प्रश्न होता.

आजारपणाविषयी स्पष्ट लिहितो, कारण त्याशिवाय या प्रवासाचा अर्थ कळणार नाही. चार वर्षांपूर्वी अल्सरेटिव्ह कोलायटिस या दुखण्यामुळे माझे मोठे आतडे काढून टाकावे लागले. लहान आतड्याचे शेवटचे टोक पोटाच्या उजव्या बाजूस बाहेर आणून तेथे त्याचे तोंड कायमचे शिवले गेले. या शस्त्रक्रियेला इलिओस्टोमी म्हणतात आणि त्या तोंडाला स्टोमा. त्यावर एक बॅग चिकटवलेली असते. जे काही बाहेर येते ते तिच्यात जमा होते आणि दिवसातून पाच-सहा वेळा ती रिकामी करावी लागते. अंगरख्याखाली ती कुणाला दिसत नाही. आपल्या समाजात मधुमेहाची चर्चा पंगतीत मोकळेपणाने होते, बायपासचे टाके तर कौतुकाने दाखवले जातात. पोटावरच्या या बॅगेविषयी मात्र सख्ख्या व्याह्यालाही कळू दिले जात नाही. मला हा संकोच समजतो, पण पटत नाही. लपवणारा माणूस पंगतीत पाणी कमी पितो, कारण त्याला वारंवार उठायचे नसते. आणि या अवस्थेत खरा धोका तेथेच असतो.

तो धोका मी पाहिलेला आहे. शस्त्रक्रियेनंतर घरी येऊन तीन आठवडे झाले होते. रात्री पोटऱ्यांत गोळे येऊ लागले, अंथरुणातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली, लघवी चहासारखी गडद झाली. तपासणीत क्रिएटिनिन १.१ वरून २.६ वर गेलेले. चार दिवस सलाइनवर काढावे लागले. यात कुणाची चूक नव्हती. उरलेले आतडे नव्या कामाला रुळेपर्यंत काही आठवडे जातातच, आणि या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला पुन्हा दाखल करावे लागण्याचे सर्वांत मोठे कारण शरीरातील पाणी कमी होणे हेच असते. मूत्रपिंडाने तो दणका सोसला. पुढचा प्रत्येक दणका तो सोसेलच, अशी हमी मात्र कोणी दिली नाही.

जमाखर्चाची सवय असलेल्या वाचकांसाठी शरीराचे खाते थोडक्यात मांडतो. आपण दिवसाला साधारण दोन लिटर पाणी पितो. लाळ, जठररस, पित्त वगैरे मिळून आणखी सहा-सात लिटर द्रव पचनमार्गात उतरतो. त्यातला बहुतेक लहान आतडेच परत घेते. उरलेला लिटर-दीड लिटर मोठ्या आतड्याकडे जातो. मोठे आतडे हे दिवसाअखेर बसणाऱ्या रोखपालासारखे असते. ते एक-एक नाणे मोजून परत तिजोरीत टाकते आणि जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर बाहेर जाऊ देते. माझ्या शाखेत तो रोखपालच नाही. त्यामुळे स्टोमातून रोज पाऊण ते एक लिटर जाते, आणि प्रत्येक लिटराबरोबर शरीरातले बरेच मीठही जाते. पाण्याची तूट दिसते, मिठाची दिसत नाही. दुसरी तूट भरल्याशिवाय पहिली भरत नाही, हे मला शिकवायला माझ्या सर्जनना दोन बैठका लागल्या.

त्यांनीच अखेर परवानगी दिली. अटी अशा : हिवाळ्यात जायचे, रुग्णालयापासून तासाभरापेक्षा लांब मुक्काम करायचा नाही, रोज आत किती गेले आणि बाहेर किती आले याची वही ठेवायची. निघताना म्हणाले, "वाळवंटातल्या उन्हाला तुम्ही आपसूक घाबराल. मला भीती थंडीची आहे. कोरड्या थंडीत तहान लागत नाही आणि पाणी मात्र जात राहते."

जानेवारीच्या अखेरीस आम्ही उभयता जोधपूरमार्गे जैसलमेरला निघालो. सामानात आठ दिवसांच्या बॅगा आणि चकत्या दुपटीने घेतल्या होत्या. त्यातल्या निम्म्या माझ्याजवळच्या पिशवीत आणि निम्म्या सौभाग्यवतींच्या पिशवीत, म्हणजे एक पिशवी हरवली तरी खाते बंद पडू नये. ओआरएसच्या रोज दोन याप्रमाणे सोळा पुड्या आणि सहा राखीव. शिवाय घरी वजन करून बांधलेली एक कोरडी पूड. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयाच्या नावाने ओळखले जाणारे हे मिश्रण माझ्या सर्जननी मला लिहून दिले आहे : एक लिटर पाण्यात २० ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. साध्या ओआरएसपेक्षा यात मीठ जास्त असते. ज्यांना रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्यावाचून ते घेऊ नये. चव अश्रूंसारखी लागते. गार करून लिंबू पिळले तर घशाखाली उतरते.

येथे घरातील एका नियमाचा उपयोग झाला. तयार केलेले ओआरएस चोवीस तासांनी टाकून द्यावे, असे पुडीवर लिहिलेले असते. आमच्याकडे पाणी उकळूनच घेतात आणि हिवाळ्यात त्याचा काळ चार प्रहरांचा, म्हणजे बारा तासांचा धरतात. म्हणून माझी बाटली दिवसातून दोनदा नव्याने भरली जाई. धर्मशाळेच्या आचाऱ्याला उकळलेले पाणी मागताना काही समजावून सांगावे लागले नाही.

गाडी फलोदी, रामदेवरा, पोखरण अशी स्थानके मागे टाकत जाते. खिडकीबाहेर हिरवा रंग विरळ होत होत नाहीसा होतो, उरतात ती खेजडीची एकेकटी झाडे. सकाळी डब्यात इतका गारवा होता की पाणी प्यावे असे कुणालाच वाटेना. मी तासातासाला घड्याळ पाहून घोट घेत होतो. साठीनंतर तहान ही तशीही अविश्वासू साक्षीदार; तिच्यावर निकाल देऊ नये.

जैसलमेरचा किल्ला रावळ जैसल याने ११५६ साली वसवला. पिवळ्या वालुकाश्माचा तो डोंगरासारखा पसारा सकाळच्या उन्हात खरोखर सोन्याचा दिसतो. सत्यजित राय यांनी त्याला ‘सोनार केल्ला’ म्हटले ते उगीच नव्हे. किल्ल्यात आजही वस्ती आहे. अरुंद गल्ल्या, ओट्यांवर वाळत घातलेल्या गोधड्या, मध्येच पार्श्वनाथांचे मंदिर आणि त्याचे कोरीव तोरण. मंदिरांचे वर्णन मी करणार नाही. ज्यांनी पाहिली त्यांना ते अपुरे वाटेल आणि ज्यांनी पाहिली नाहीत त्यांनी जाऊन पाहावीत. मला गुंतवून ठेवले ते बुरुजांच्या पायथ्याशी दिसलेल्या ओल्या डागांनी आणि डागडुजीच्या खुणांनी.

या किल्ल्याला पाण्याचा अभाव कधी बाधला नाही. आठशे वर्षे घागरीने आणलेल्या पाण्यावर तो उभा राहिला. त्याचे सांडपाणी वाहून नेणाऱ्या उघड्या गटारी त्या घागरींच्याच मापाने बांधलेल्या होत्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नळ आले, पर्यटक आले, खोल्यांना न्हाणीघरे जोडली गेली. पाणी वाढले, पण ते धरून ठेवण्याची किंवा नीट वाहून नेण्याची व्यवस्था तीच राहिली. झिरपलेले पाणी पायाखालच्या मऊ थरांत उतरले आणि भिंती, बुरूज, घरे खचू लागली. १९९६ साली वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडने धोक्यातील वास्तूंच्या यादीत या किल्ल्याचे नाव घातले. नंतर गटारे नव्याने बांधण्याची कामे झाली, २०१३ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात राजस्थानच्या डोंगरी किल्ल्यांबरोबर त्याचाही समावेश झाला, तरी ओल अजून पूर्ण सरलेली नाही.

बुरुजाखाली उभा असताना मला सर्जनांची दुसरी बैठक आठवली. तेव्हा मी त्यांना म्हटले होते की रोज चार लिटर पाणी प्यायलो तर प्रश्नच मिटेल. त्यावर ते म्हणाले होते, "चार लिटर प्याल आणि पाच लिटर बाहेर जाईल." नुसते पाणी आतड्यात उतरले की आतडे शरीरातले मीठ त्या पाण्यात सोडते. मिठापाठोपाठ आणखी पाणी येते आणि सगळे स्टोमातून निघून जाते. ज्याची बॅग रोजच्या प्रमाणात भरते त्याला साधे पाणी वर्ज्य नाही. जेवणाबरोबर, मिठाबरोबर ते चालते. पण बॅग पातळ होऊन वेगाने भरू लागली की साधे पाणी, चहा, कॉफी, फळांचे रस, नारळपाणी, सरबते यांनी तहान भागवू पाहणे म्हणजे खचणाऱ्या बुरुजावर नळ सोडून ठेवणे होय. घरच्या माणसांना हे पटवणे सर्वांत कठीण. तहानलेल्याच्या हातातून तांब्या कसा काढून घ्यायचा?

दुसऱ्या दिवशी गडीसर तलाव पाहिला. चौदाव्या शतकात महारावळ गडसीच्या काळात बांधलेला हा तलाव कित्येक शतके साऱ्या शहराची तहान भागवत होता. आता इंदिरा गांधी कालव्याचे पाणी त्यात येते, नावा फिरतात, परदेशी पाहुणे माशांना पाव टाकतात. काठावरच्या छत्र्या सुंदर आहेत. आमच्या गाडीचा चालक रामगडकडच्या एका खेड्यातला होता, पन्नाशीचा, अगदी कमी बोलणारा. तलावाचे कौतुक ऐकून तो म्हणाला, "सेठजी, हे तर पालर पाणी. आमच्या गावात रेजाणी असायचे."

मग त्याने समजावून सांगितले. या मुलखात पाण्याच्या तीन जाती मानतात. पावसाचे, जमिनीवर वाहणारे आणि साठणारे ते पालर. खोल विहिरीतले ते पाताळ पाणी; ते बहुतेक ठिकाणी खारे निघते. आणि या दोहोंच्या मधले ते रेजाणी. वाळूखाली काही ठिकाणी खडियाचा, म्हणजे जिप्समचा पट्टा असतो. पडलेला पाऊस वाळूत मुरतो, पण हा पट्टा त्याला खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळू देत नाही. पाणी दिसत नाही. वाळूत नुसती ओल असते. तेथे अगदी अरुंद तोंडाची कुंई खणतात. तिच्या भिंतींतून ती ओल थेंबाथेंबाने पाझरते आणि रात्रभरात तळाशी जमा होते. दिवसाकाठी दोन-तीन घागरी, त्याहून जास्त नाही. कुंई खणणाऱ्याला चेजारो म्हणत आणि चालकाचे आजोबा चेजारो होते. अनुपम मिश्र यांनी ‘राजस्थान की रजत बूंदें’ या १९९५ सालच्या पुस्तकात या सगळ्याचे फार आत्मीयतेने वर्णन केले आहे. ते मी वाचलेले होते. तरीही एका चेजाऱ्याच्या नातवाच्या तोंडून ऐकताना वेगळे वाटले. तो म्हणाला, आजोबा कुंईत उतरले की वरून माणसे अधूनमधून मूठ-मूठ वाळू जोराने खाली टाकायची, म्हणजे तिच्याबरोबर थोडी ताजी हवा खाली जाई.

दिसणारे पाणी आणि धरलेले पाणी यांतला हा भेद मला नवा नव्हता. लहान आतड्याच्या भिंतीत मीठ आणि साखर एकत्र आत घेणारी एक वाट असते. १९६० साली रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने ती मांडली. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक खातेदाराची आणि एक बँकेची. एकटीने कुलूप उघडत नाही. तसेच हे. सोडियमची किल्ली आणि ग्लुकोजची किल्ली एकाच वेळी लागली की दार उघडते आणि त्यांच्यामागून पाणी आत जाते. या साध्या गोष्टीने केवढे काम केले पाहा. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत कॉलरा पसरला. बंगालमधील बनगाव येथे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा यांचे पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजवले. जेथे शंभरातले तीस दगावत होते तेथे चारसुद्धा दगावले नाहीत. हे गृहस्थ २०२२ साली वारले आणि पुढल्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. माझ्या पिशवीतल्या बावीस पुड्या त्यांच्याच कामाचे फळ.

पुडी विकत घेताना मात्र डोळे उघडे ठेवावेत. औषधाच्या दुकानात आकर्षक डब्यांतून गोड पेये मांडलेली असतात. त्यांत साखर भरपूर आणि मीठ नावाला असते. इलिओस्टोमीच्या रुग्णाला ती उलटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार तयार केलेले, असे पुडीवर छापलेले असेल तीच घ्यावी. आणि पुडीवर जेवढ्या पाण्याचे माप छापले असेल तेवढेच पाणी; पेल्याभर पाण्यात अर्धी पुडी हा अंदाजपंचे कारभार नको.

पटव्यांच्या हवेल्यांवर खरे तर स्वतंत्र लेख व्हावा. गुमानचंद पटवा यांनी १८०५च्या सुमारास आपल्या पाच मुलांसाठी त्या बांधायला घेतल्या आणि काम पुढे अर्धशतकभर चालले. जरीचा व्यापार, सावकारी, हुंड्या असा त्यांचा पसारा होता. मी तेथे नक्षीपेक्षा वह्या, तराजू आणि भिंतीतल्या तिजोऱ्या अधिक वेळ पाहिल्या, हे सौभाग्यवतींच्या लक्षात आले आणि त्यांनी तसे बोलूनही दाखवले. जिने फार उंच आहेत. तिसऱ्या मजल्यावर मी थांबलो.

चौथ्या दिवशी कुलधरा. जैसलमेरपासून सतरा-अठरा किलोमीटरवर पालीवाल ब्राह्मणांचे हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ओस पडले. दिवाणाच्या जुलमाला कंटाळून एका रात्रीत चौऱ्याऐंशी गावे उठून गेली, अशी कथा सांगतात; पाणी आटल्याने लोक हळूहळू गेले, असे अभ्यासक म्हणतात. छप्पर नसलेल्या घरांच्या रांगा पाहताना दुपारचा एक वाजला होता. तेव्हाच पहिल्यांदा बॅग जड लागली.

एक ते चार या तीन तासांत ती चार वेळा रिकामी करावी लागली. एरवी एवढ्या वेळात एकदा करतो. मोजपात्र जवळ होतेच. दर वेळी अडीचशे मिलिलिटरच्या आसपास, आणि पाण्यासारखे पातळ. म्हणजे दिवसभराचा खर्च तीन तासांत झाला. जेवण साधे होते, कढी, भात आणि बाजरीची भाकरी. चिवट दोरे आतड्यात अडकतात म्हणून केर-सांगरी मी मोठ्या कष्टाने नाकारली होती. कारण काही सापडले नाही, आणि या दुखण्यात ते नेहमी सापडतेच असेही नाही. जीभ टाळूला चिकटू लागली. सकाळी नऊनंतर लघवी झालेली नव्हती. सौ. वही उघडून बसल्या होत्या. "अहो, परत फिरायचं का?" त्यांनी विचारले. आवाज शांत होता, पण पेन हातात घट्ट धरलेले.

चालकाने गाडी एका बांधाशी, खेजडीच्या सावलीत उभी केली. साधे पाणी आणि चहा त्या क्षणापासून बंद केला. लोपेरामाइडची गोळी, अशा वेळेसाठी डॉक्टरांनी लिहून दिलेल्या प्रमाणात, घेतली. मग मीठ-ग्लुकोजचे पाणी. घटाघट नव्हे, दर काही मिनिटांनी दोन-दोन घोट, अर्ध्या तासात साधारण पेलाभर. बरोबर मीठ लावलेले खाकरे आणि एक पिकलेले केळे. आतड्यातले घट्ट होण्यासाठी इतरांना बटाटा सांगतात. आमच्याकडे कंदमूळ नसल्याने भात, खाकरा आणि कच्च्या केळ्याची भाजी यांवर काम भागते, आणि ते चांगले भागते. ठरवून टाकले की रात्री नऊपर्यंत लघवी झाली नाही, किंवा उभे राहताना चक्कर आली, तर थेट रुग्णालय गाठायचे आणि सलाइन लावून घ्यायचे. असा आकडा आधी ठरलेला असला म्हणजे बरे. नाहीतर माणूस "आणखी थोडा वेळ पाहू" म्हणत पहाट करतो.

बॅग धुवायला पाणी लागते. त्या भूमीत त्या कामासाठी पाणी मागायला माझी जीभ रेटेना. चालक काही न विचारता कॅन घेऊन आला आणि पाठ करून उभा राहिला.

बांधावर बसून राहण्याखेरीज काही करण्यासारखे नव्हते, म्हणून समोर पाहत राहिलो. समोर हरभऱ्याचे हिरवेगार शेत होते. पाट नाही, मोटार नाही, विहीर नाही. कुलधऱ्याचे घर ओसाड आणि त्याच्या शिवारात हरभरा, हे कोडे चालकाने सोडवले. हे खडीन. पालीवालांनी पाचशे वर्षांपूर्वी रुजवलेली शेती. भोवतालच्या खडकाळ उतारावरून धावत येणारे पावसाचे पाणी सखल जागी मातीच्या लांब बांधाने अडवतात. जास्तीचे पाणी जाण्यास एका बाजूला सांडवा असतो. पाणी तेथे उभे राहते, हळूहळू जमिनीत मुरते, मातीतला खारही खाली दाबते. दिवाळीच्या सुमारास ते ओसरले की त्या ओलीवर गहू-हरभरा पेरतात आणि पुढे एक थेंबही न देता पीक घेतात. जेवढी जमीन पेरायची तिच्या कितीतरी पट उतार नुसता पाणी गोळा करण्यासाठी मोकळा सोडावा लागतो. चालक म्हणाला, पाऊस कमी-जास्त होतो, बांध शाबूत पाहिजे.

पाच वाजता बॅगेत शंभर मिलिलिटर, थोडे दाट. आम्ही मुक्कामी परतलो.

सूर्यास्ताला सौभाग्यवतींनी चौविहाराचे पच्चक्खाण घेतले. तिसाव्या वर्षापासून मीही चौविहार करीत असे. आता शक्य नाही. शस्त्रक्रियेनंतर याचे मला पोटावरच्या जखमेहून अधिक दुःख होते. रात्री पाणी घ्यावेच लागणार, म्हणून तिविहार करावा म्हटले, तर माझ्या पाण्यात मीठ आणि साखर. ते नुसते पाणी कसे म्हणायचे? एका साध्वीजींपुढे शंका मांडली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, ते तुमचे औषध आहे, दुविहार करा; त्यात पाणी आणि औषध दोन्हींची मोकळीक असते. तेव्हापासून दुविहार करतो. आपल्याकडील किती वृद्ध रुग्ण घरच्यांना न सांगता रात्रभर कोरडे राहत असतील, कोण जाणे. त्यांनी आपल्या गुरूंना आणि आपल्या डॉक्टरांना, दोघांनाही एकदा विचारावे.

त्या रात्री स्वतः थेंबही न घेता सौ. माझ्याजवळ बसून दर पाच मिनिटांनी मला घोट पाजत होत्या. सात वाजून चाळीस मिनिटांनी लघवी झाली, दीडशे मिलिलिटर, गडद. दहाला अडीचशे, जरा फिकी. वहीत त्यांनी वेळ आणि आकडा लिहिला आणि पुढे काहीच न लिहिता एक बारीक स्वस्तिक काढले. पहाटे रंग वाळलेल्या गवतासारखा झाला होता. दिवसाला निदान लिटरभर फिकी लघवी, हेच या अवस्थेत ताळेबंद जुळल्याचे लक्षण; बाकी साऱ्या तपासण्या नंतरच्या. पुण्यात परतल्यावर त्याही केल्या. क्रिएटिनिन १.१. लघवीतले सोडियम ४६; ते २०च्या खाली गेले असते तर शरीर मिठासाठी तळमळत आहे असा अर्थ झाला असता. ही तपासणी स्वस्त आहे आणि इलिओस्टोमीच्या रुग्णाला ती विचारून करून घ्यावी, कारण रक्तातले सोडियम बराच काळ ठीक दिसत राहते.

पुढचा एक दिवस सक्तीची विश्रांती घेतली. शेवटच्या दिवशी लोद्रवा. काक नदीचे कोरडे पात्र ओलांडून मंदिरापाशी पोहोचलो तेव्हा नुकतीच पूजा आटोपली होती. सहस्रफणा पार्श्वनाथांसमोर आम्ही बराच वेळ बसलो. तेथे काय वाटले ते माझ्यापाशी राहू द्यावे.

स्टेशनवर निरोप देताना पिशवीत ओआरएसच्या पाच पुड्या उरल्या होत्या. त्या चालकाला दिल्या. उन्हाळ्यात पोरांना जुलाब झाले तर उपयोगी पडतील. एक लिटराची रिकामी बाटली त्याला माप म्हणून दिली, पाणी उकळून गार करून कसे घ्यायचे ते सांगितले, आणि एका पुडीला एकच बाटली, कमी नाही, जास्त नाही, हे त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतले. त्याने पुड्या पागोट्यात खोचल्या. थोडा विचार करून त्याने विचारले की घरी उंटिणीचे पिल्लू आहे, त्याला चालेल का. ते मला सांगता आले नाही.